फळीवर मांडलेल्या चुका

गेल्या दिवाळीत कोल्हापूरला बहिणीकडे गेलो होतो. फराळ आटोपल्यावर भाच्यानं मला उद्यमनगरातल्या त्याच्या शेडवर नेलं. अण्णांची जावा त्यानं तिथं आणून ठेवली होती. मैसूरच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी अण्णांनी १९६४ साली घेतली. शाळा तपासनिसाची नोकरी, राधानगरी-गगनबावड्याकडचे रस्ते आणि पावसाळा. या गाडीवर त्यांनी निम्मा जिल्हा पालथा घातला. अण्णा गेल्यावर ती बरीच वर्षं जिन्याखाली पोत्याखाली झाकून पडली होती.

भाच्यानं गाडी पार सोलून काढली होती. इंजिन, टाकी, चाकं वेगळी आणि लाकडी ठोकळ्यांवर नुसती चौकट उभी. तिच्यावर त्यानं पांढरी भुकटी फवारली होती आणि इस्त्रीएवढं एक यंत्र हातात धरून, त्यातून उजेड पाडत तो तिच्याभोवती सावकाश फिरत होता. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आरतीच चालली आहे. थोड्या वेळानं तीच चौकट संगणकाच्या पडद्यावर करड्या रंगात उमटली. बोटानं फिरवावी तशी फिरते, पालथी घालावी तशी पालथी होते. लाखो बिंदू टिपून हे यंत्र वस्तूची हुबेहूब आकृती बनवतं आणि माप मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत सांगतं, हे त्यानं मला समजावून दिलं.

हा सगळा खटाटोप एका लहानशा पार्टसाठी होता. मागच्या डाव्या फूटरेस्टचा ब्रॅकेट गंजून तुटला होता. बाजारातून आणलेले दोन्ही ब्रॅकेट बसेनात. भोकं जुळायची नाहीत. पडद्यावर त्याचं कारण निघालं. पुढच्या हँडलच्या नळीच्या मानानं चौकटीचा मागचा भाग ४ मिलिमीटर डावीकडे कलला होता. अण्णा कधी गाडीवरून पडले होते का, असं भाच्यानं विचारलं. मी ठामपणे नाही म्हणालो. अण्णा आणि पडणार? शक्यच नाही.

त्या रात्री झोप लागेना आणि का कोण जाणे, मला बर्ट मन्रो आठवला. न्यूझीलंडचा हा म्हातारा १९७८ सालीच वारला. माझी त्याची ओळख बऱ्याच जणांसारखी सिनेमातून झाली. द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन हा रॉजर डोनाल्डसन यांचा चित्रपट २००५ साली आला आणि त्यात अँथनी हॉपकिन्स यांनी बर्टची भूमिका केली. नावातल्या इंडियनचा आपल्याशी काही संबंध नाही. इंडियन ही मोटारसायकल बनवणारी अमेरिकन कंपनी होती आणि तिचं नाव त्या देशातल्या मूळ रहिवाशांवरून आलेलं. सिनेमानं बर्टच्या अनेक वाऱ्या एकीत बसवल्या, ते सिनेमाच्या सोयीचं होतं. खरं आयुष्य त्याहून लांब, अधिक कष्टाचं आणि माझ्या मते अधिक विचार करायला लावणारं आहे.

बर्टचा जन्म २५ मार्च १८९९ चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाच्या इन्व्हरकारगिल या गावातला. तो जुळ्यातला. बहीण जन्मतःच गेली, हा जगला. वडिलांची शेती एडनडेल भागात होती. घरातला सर्वांत वेगवान घोडा घेऊन शेतातून उधळायचं आणि वडिलांची बोलणी खायची, हा त्याचा लहानपणीचा छंद. पुढं काही काळ त्यानं ओटिरा इथल्या रेल्वेच्या बोगद्यावर काम केलं, मग वडिलांनी पुन्हा शेतीवर बोलावून घेतलं. म्हणजे शिकलेला इंजिनिअर तो कधीच नव्हता. हातात अवजार घेतलेला शेतकऱ्याचा मुलगा, एवढीच त्याची पदवी.

१९२० साली त्यानं एक कोरी इंडियन स्काउट विकत घेतली. जोड सिलिंडरचं, ६०० सीसीचं इंजिन आणि वेग जास्तीत जास्त ताशी ५५ मैल, म्हणजे ८९ किलोमीटरच्या आसपास. त्या काळाच्या मानानं चांगलीच गाडी. दुसरा कुणी असता तर चार-पाच वर्षं वापरून विकून मोकळा झाला असता. बर्टनं ती सत्तावन्न वर्षं सांभाळली. १९२६ पासून तो तिच्यात बदल करू लागला आणि ते काम हातपाय चालेनासे होईपर्यंत थांबलं नाही.

आता बदल करायचा म्हणजे काय करायचं, हे थोडं सांगायला हवं. स्काउटच्या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा सिलिंडरच्या बाजूला होत्या. त्यामुळं आत येणाऱ्या मिश्रणाला वळसा घ्यावा लागायचा आणि स्फोटाची जागाही ऐसपैस राहायची, म्हणजे ताकद वाया. बर्टनं या झडपा सिलिंडरच्या डोक्यावर नेल्या. मग जास्त ताकद पेलायला जुने पिस्टन पुरेनात, पिस्टन बदलले तर कनेक्टिंग रॉड पुरेनात, रॉड बदलले तर फ्लायव्हील पुरेना. घराची एक भिंत हलवली की सगळं घरच बांधायला काढावं लागतं, तसा प्रकार.

हे पार्ट कुठल्याच दुकानात मिळणारे नव्हते. पुढं १९५३ साली खुद्द इंडियन कंपनीनंच उत्पादन बंद केलं. शिवाय बर्टजवळ पैसे नव्हते. मोटारसायकली विकणं आणि दुरुस्त करणं, ही त्याची नोकरी. दिवसा ती करायची आणि रात्री स्वतःच्या गाडीशी झटायचं. कित्येकदा रात्रभर काम करून तो सकाळी तसाच नोकरीवर जाई. भंगारातलं ॲल्युमिनियम वितळवून जुन्या डब्यांचे साचे करून तो पिस्टन ओतायचा. सिलिंडर त्यानं बिडाच्या जुन्या पाइपातून काढले. ट्रॅक्टरच्या आसाचं कडक पोलाद कानशीनं घासघासून कनेक्टिंग रॉड बनवले. आमच्या उद्यमनगरातल्या कुठल्याही टर्नरला विचारा, आसाच्या पोलादातून हातानं रॉड घडवणं म्हणजे काय, ते ऐकूनच त्याचे खांदे दुखू लागतील.

आणि मापं? मायक्रोमीटर म्हणून तो चाकाचा एक जुना स्पोक वापरायचा. आपण ज्याला केसाएवढा फरक म्हणतो, तो त्यानं त्या तारेवर आणि बोटांच्या टोकांवर ओळखायला शिकून घेतला. त्याच्याजवळ गाडीचा नकाशा नव्हता. गाडी हाच नकाशा. तिच्या चौकटीत किती जागा आहे, साखळी कुठून जाते, कुठला बोल्ट कुठं अडतो, हे सगळं त्याच्या हातांना पाठ होतं.

पण हात कितीही तयार असला तरी धातू ऐकतोच असं नाही. पिस्टन वितळायचे, फुटायचे. रॉड मोडून इंजिनाची कवचं फोडून बाहेर यायचे. एका चांगल्या पिस्टनच्या मागं वाया गेलेले कितीतरी असत. बर्टचं वेगळेपण मला इथं दिसतं. हे मोडके पार्ट त्यानं फेकून दिले नाहीत. शेडमध्ये फळीवर ओळीनं मांडून ठेवले आणि वर लिहिलं की हा वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य आहे. लोकांना त्यात विनोद दिसला, तो आहेच. पण ती फळी त्याची वहीदेखील होती. कुठला पार्ट कुठं चिरला, कुठल्या बाजूनं जळला, हे पाहायचं आणि पुढचा तिथं जाड करायचा. चूक डोळ्यांसमोर ठेवायची, म्हणजे ती पुन्हा होत नाही.

चुकीशी त्याचं नातंच काही वेगळं असावं. मुळात त्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग निराळं होतं. १९५७ साली एका अमेरिकन मोटारसायकल मासिकानं ते चुकीचं छापलं. आपण असतो तर संपादकाला खरमरीत पत्र धाडलं असतं. त्यानं ते चुकलेलं स्पेलिंगच पुढं स्वतःचं म्हणून लावलं.

या सगळ्याची किंमत पडली, तीही सांगायला हवी, नाहीतर हे चरित्र नुसता पोवाडा होईल. लग्न झालेलं, चार मुलं. १९४० च्या दशकाच्या अखेरीला घटस्फोट झाला. बर्टनं नोकरी सोडली आणि एका गॅरेजवजा खोलीत राहायला गेला. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला लेथ आणि मध्ये दोन मोटारसायकली, एक ही इंडियन आणि दुसरी १९३६ सालची व्हेलोसेट. असा माणूस दुरून मोठा वाटतो. त्याच्या घरात राहणाऱ्यांना काय वाटलं असेल, हा प्रश्न मला संसारी माणूस म्हणून पडतो आणि त्याचं उत्तर बर्टच्या बाजूनं देणं मला जमत नाही.

गावाजवळच्या ओरेटी समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर तो गाडी पळवायचा. १९५७ साली तिथं त्यानं ताशी १३१.३८ मैलांचा न्यूझीलंडचा विक्रम केला. मूळच्या ५५ मैलांच्या गाडीनं! पण त्याच्या डोळ्यांसमोर होतं अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनव्हिल. मैलोन् मैल पसरलेलं मिठाचं सपाट मैदान. जगभरचे वेगवेडे आपली वाहनं घेऊन तिथं जमतात. तोवर साठी जवळ आलेली आणि हृदयविकाराचा त्रास सुरू झालेला. तरी १९६२ साली, त्रेसष्टाव्या वर्षी, हा माणूस आपलं ते जुनं धूड घेऊन समुद्रापार गेला. ८८३ सीसीच्या गटात त्यानं ताशी १७८.९५ मैल, म्हणजे २८८ किलोमीटरचा विक्रम केला.

बॉनव्हिलचं मीठ वरून पांढरंशुभ्र दिसतं, पण चाकाखाली निसरडं असतं. ठिकाण समुद्रसपाटीपासून चार हजारांहून अधिक फूट उंच असल्यानं हवा विरळ. इन्व्हरकारगिलच्या किनाऱ्यावर बरोबर लावलेला कार्ब्युरेटर इथं चुकतो. वारा कापायला गाडीवर माशासारखं निमुळतं कवच घालावं लागतं. बर्टनं ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकठोकून असं कवच बनवण्यात पाच वर्षं घालवली. आकार ठरवताना त्यानं गोल्डफिश डोळ्यांसमोर ठेवला होता. त्या कवचात पालथं पडून, साठी ओलांडलेल्या माणसानं ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरनं जायचं. काही गडबड झाली तर उडी मारायलाही जागा नाही.

१९६६ साली १००० सीसीच्या गटात त्याचा आणखी एक विक्रम झाला, ताशी १६८.०७ मैलांचा. आणि मग आलं १९६७. बर्टचं वय ६८, इंजिनाचं ४७. एव्हाना ते इंजिन ६०० वरून ९५० सीसीपर्यंत मोठं केलेलं होतं. पात्रता फेरीत एका दिशेनं तो ताशी १९०.०७ मैलांनी, म्हणजे जवळपास ३०६ किलोमीटरनं गेला. पण विक्रम असा एका फेरीवर मिळत नाही. वाऱ्याचा फायदा होऊ नये म्हणून दोन्ही दिशांनी धावायचं आणि सरासरी काढायची. त्याची विक्रमी सरासरी नोंदवली गेली, १८३.५९ मैल.

इथं माझ्यातला बँक अधिकारी जागा होतो. ३८ वर्षं मी बँकेत काढली, त्यातली पहिली कितीतरी हातानं लिहायच्या लेजरची. संध्याकाळी टॅली लागली नाही की घरी जायचं नाही, असा दंडक. एकदा ९० पैशांचा फरक शोधत आम्ही चौघं रात्री अकरापर्यंत बसलो होतो. शेवटी चूक माझीच निघाली. ८ चा ३ वाचला होता आणि बेरीज दुसरीकडेही चुकलेली. खिशातून ९० पैसे टाकून मोकळं होऊ, असं मी सुचवलं, तेव्हा आमचे अकाउंटंट माझ्याकडे अशा नजरेनं पाहत राहिले की पुन्हा ते मनातही आलं नाही. पैसा भरून निघाला असता, पण वही खोटी झाली असती.

तर बर्टच्या १९६७ च्या वहीत असाच फरक होता. उत्तरेकडची फेरी १८४.७१० मैलांची, दक्षिणेकडची १८३.४६३ ची. कुणीही बेरीज करून दोनानं भागावं. उत्तर येतं १८४.०८७. नोंद होती १८३.५९. अर्ध्या मैलाचा फरक, आणि तो इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आला नाही. अखेर ही चूक बर्टच्या मुलानं पकडली. अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशननं २०१४ साली ती मान्य केली आणि विक्रम दुरुस्त केला, बर्ट जाऊन ३६ वर्षं झाल्यावर. ज्या गाडीनं घराचा एवढा वेळ खाल्ला, तिची बेरीज मुलानंच बरोबर करून दिली. मघाच्या माझ्या प्रश्नाचं हे उत्तर आहे, असं मी म्हणत नाही. पण हिशेबात ही रक्कमही जमेला धरली पाहिजे.

बर्ट ६ जानेवारी १९७८ रोजी आपल्या गावीच वारला. त्याची गाडी इन्व्हरकारगिलच्या ई. हेज या हार्डवेअरच्या दुकानात प्रदर्शनात ठेवलेली आहे. खिळे-स्क्रू घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकानं जाता जाता जगातली सर्वांत वेगवान इंडियन पाहावी, हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं.

आता पुन्हा भाच्याच्या शेडकडे वळतो. दुसऱ्या दिवशी मी त्याला बर्टची ही सगळी कथा सांगितली आणि विचारलं, की या संगणकानं बर्टचं काय केलं असतं? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानं पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. आधी चौकटीच्या आकृतीतून मधली रेषा काढायची, भोकांच्या मध्यांना खुणा करायच्या. मग नवा ब्रॅकेट त्या खुणांवर बेतायचा. साखळीच्या कव्हरला घासतो का, सायलेन्सरला लागतो का, हे तिथंच दिसतं. पाय दाबल्यावर जोर कुठं साठतो, पत्रा किती जाड हवा, हेही गणित मांडून कळतं. मग प्लॅस्टिकचा नमुना छापून बसवून पाहायचा आणि शेवटी पोलादाला हात लावायचा. बर्टला प्रत्येक चूक पोलादात आणि ॲल्युमिनियममध्ये करावी लागली. कधी ताशी दीडशे मैलांवर, स्वतःच्या अंगाखाली. इथं ती खुर्चीत बसून, फुकटात करता येते. त्याची कितीतरी वर्षं वाचली असती, यात शंका नाही.

पण एक गोष्ट भाच्यानंच बोलून दाखवली. जुन्या गाड्यांच्या बाबतीत कारखान्याचा मूळ नकाशा मिळाला तरी तो उपयोगी पडेलच असं नाही. पन्नास-साठ वर्षांत प्रत्येक चौकट वेगळी झालेली असते. कुठं वेल्डिंगनं ओढली गेली, कुठं ओझ्यानं वाकली, कुठं आपटली. म्हणून कागदावरच्या गाडीसाठी नव्हे, समोरच्या गाडीसाठी पार्ट बनवायचा आणि त्यासाठी ती आहे तशी मोजायची. बर्ट स्पोकनं हेच करत होता. साधन बदललं, पण आहे ते आहे तसं पाहण्याची सवय माणसानं स्वतःच लावून घ्यावी लागते. ती कुठल्या यंत्राबरोबर येत नाही.

चौकट तापवून सरळ करण्याचा विचार भाच्यानं सोडून दिला. जुनी नळी ओढाताणीत कमजोर होते. कलत्या चौकटीला जुळेल असा कलता ब्रॅकेट बनवायचं ठरलं. पहिला प्लॅस्टिकचा नमुना कव्हरला घासला, दुसऱ्याचं एक भोक केसभर चुकलं, तिसरा नेमका बसला. मग पाच मिलिमीटर पोलादी पत्र्यातून खरा कापून आणला. चुकलेले दोन नमुने तो कचऱ्यात टाकणार होता, ते मी मागून घेतले. ते आता माझ्या पुस्तकांच्या फळीवर आहेत.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी जोडून घरी आणली. आई ८४ वर्षांची आहे, बहिणीकडेच असते. ती काठी टेकत अंगणात आली. मी सहज म्हटल्यासारखं सांगितलं, की गाडी डावीकडे कलली आहे, अण्णा कधी पडले होते असं यंत्र म्हणतंय. आईला नवल वाटलं नाही. १९७४ च्या पावसाळ्यात पडले होते, ती म्हणाली. घरी आले तेव्हा शाळेच्या पायऱ्यांवर घसरलो असं सांगत होते. पण पँटीची डावी बाजू नुसती चिखलात माखलेली आणि कपड्यांना पेट्रोलचा वास. धुणं तिनंच धुतलं होतं. खरं सांगितलं तर मी पुन्हा गाडीवर मागं बसणार नाही, अशी भीती त्यांना वाटली असणार, म्हणून तिनंही विचारलं नाही.

मग तिनं काठी माझ्या हातात दिली, गाडीचा कॅरिअर धरला आणि डाव्या बाजूच्या त्या नव्या फूटरेस्टवर चपलेसकट पाय ठेवून पाहिला. थोडा भार टाकला. नीट बसलाय, असं म्हणून ती तुळशीपुढं दिवा लावायला आत गेली.